सेटवर ‘हौ’ म्हणायची मनाई

‘ओढू का?’ तू वॉकीटॉकीच्या सेटवर विचारलंस. मी ‘हौ’ म्हणून ओरडले. गाडी हलली नाही.

विनोदचा पाय डब्याच्या लोखंडी पायदानात आणि मँगनीजच्या ढिगात चिमटला होता. गुडघ्याखाली पाय दिसतच नव्हता, नुसते काळे दगड दिसत होते. त्याची ओरड ऐकून मी पळत आले होते, आता तो ओरडायचा थांबला होता. त्याच्या हातून पडलेला सेट मी उचलला, तोंडाशी उलटा धरला, मग सुलटा केला. इंजिन गाडीच्या दुसऱ्या टोकाला, वळणाच्या पलीकडे. तुला आम्ही दिसत नव्हतो, आम्हाला तू दिसत नव्हतास.

‘सुदाम, गाडी पुढं ओढ!’

‘कोण बोलून राह्यलं?’

‘मी बाई. विनोद अटकला. ओढ!’

‘कुठं अटकला? कमरेत का पायात?’

‘पायात! ओढ नं बाप्पा!’

‘ओढू का?’

‘हौ! हौ! हौ!’

आणि सेटमधून नुसती खरखर. मी शिव्या दिल्या. तुझ्या मायवरून शिव्या दिल्या, जी माझीही माय होती.

मग तू वळणावरून पळत येताना दिसलास. इंजिनात असिस्टंटला ब्रेकवर बसवून तू खडीवरून पळत आलास, साठीला टेकलेला माणूस, पोट हाताने धरून. आलास, वाकलास, डब्याखाली डोकं घातलंस, विनोदच्या कमरेखाली हात सारून चाचपलंस. मग माझ्याकडे न बघता जसा आलास तसा परत पळालास. तू वळणापलीकडे दिसेनासा झालास तरी गाडी उभीच. मग ती पुढे गेली आणि विनोद माझ्या अंगावर पडला.

तू गेल्यावर तुझ्या मोठ्या मुलाने मला हे लिहायला बसवलं आहे. ‘आत्या, पापा पे कुछ लिख दो ना. पुण्यानुमोदन के दिन किताब बाँटेंगे.’ मी म्हटलं, मी मराठीत लिहीन, मला चार वर्गांत तेवढंच शिकवलं. तो म्हणाला, ‘लिखो ना, नागपूरवाले पढ़ लेंगे.’ म्हणजे तुझ्या घरातलं कोणी वाचणार नाही. बरं झालं, मोकळेपणाने लिहिता येईल.

तू कुठे जन्मलास, केव्हा नोकरीला लागलास ते बाकीचे लिहितील. तू मनमिळाऊ होतास असंही तेच लिहितील. तू मनमिळाऊ नव्हतास. जेवताना बोलायचा नाहीस आणि जेवण झालं की भांडायचास. लाखोळीच्या डाळीचे वडे केले की मोजक्यांना बोलवायचास, बाकीच्यांना घरी जा म्हणायचास. ते सगळं मला चाललं. जे चाललं नाही ते लिहिते.

नागपूरवाल्यांना समजावं म्हणून आधी डेपोचं सांगते. बालाघाटच्या बाहेर एका कंपनीचा मालडेपो आहे. खदानीतून ट्रकांनी मँगनीज येतं, ढीग लागतात, आणि रुळांवर उभ्या डब्यांत ते भरतात. सुदाम, तू त्या कंपनीच्या इंजिनाचा ड्रायव्हर. रिकामे डबे मागे ढकलत ढिगांपाशी न्यायचे हे तुझं काम. म्हणजे इंजिन एका टोकाला, आणि ढकलली जाणारी गाडी जिथे पोचायची ते दुसरं टोक वळणाआड. त्या टोकाला एक माणूस हातात सेट घेऊन पायी चालतो. तो सेटवर सांगेल तेवढंच तू ढकलायचं. तो माणूस विनोद, माझा मुलगा, तुझा भाचा. मी फाटकाजवळ कॅन्टीन चालवायचे. असे आपण तिघं एका कुंपणात पोट भरत होतो.

त्या दिवशी ढिगावरून एक धोंडा घरंगळून रुळावर आला. विनोद लोखंडी सब्बल घालून तो काढत होता. तू सेटवर विचारलंस, ‘घेऊ का मागं?’

तो म्हणाला, ‘हौ.’

आपल्या घरात हौ म्हणजे काय ते मी तुला सांगायचं? माय म्हणायची, सुदाम, पाणी आण. तू म्हणायचास हौ आणि खाटेवरून हलायचा नाहीस. माय पुन्हा म्हणायची, तू पुन्हा हौ. हौ म्हणजे होय. हौ म्हणजे ऐकलं. हौ म्हणजे आहे मी इथंच, कानाशी ओरडू नको. घरात ते चालतं, कारण समोर तोंड दिसतं आणि तोंडावरून कळतं की हा उठणार आहे की नाही. विनोदने तुझं ऐकलं एवढंच सांगितलं. ‘थांब जरा’ हे त्याच्या मनात राहिलं. तू ढकललंस.

डबा येताना दिसला तसा तो बाजूला झाला. पण बाजूला जागाच नव्हती. रुळाच्या कडेने माणसाला उभं राहता येईल एवढी वाट मोकळी सोडायची असते. ती वाट ढिगाने केव्हाच खाल्ली होती. तू मॅनेजरला सांगितलं होतंस, विनोदने सांगितलं होतं. मॅनेजर म्हणायचा, ‘करवा देंगे.’ त्याचा तो ‘करवा देंगे’ कोणी कधी तपासला नाही, त्याचा अर्थ कोणी कोणाला विचारला नाही.

गोंदियाच्या दवाखान्यात विनोदचा पाय गुडघ्याच्या वरून काढला. आत ते काम चाललं होतं आणि बाहेर बाकावर आपण भांडत होतो. तुला आठवत असेल, एक नर्स येऊन म्हणाली होती, ‘झगड़ा घर जाके करो.’

‘तू पहिले काहून नाही ओढली गाडी?’

‘पाहाले आलतो.’

‘मी सांगून राह्यली होती नं! माह्यावर भरोसा नव्हता?’

‘नव्हता.’

असं तोंडावर म्हणालास. आणि वर म्हणालास, ‘तू त्याची माय. मायच्या सांगण्यावर गाडी नाही चालवत, बाई. एका हौवर ढकलली अन् हे झालं. दुसऱ्या हौवर ओढली असती अन् तो कमरेत अटकला असता, त अर्धा इकडं अन् अर्धा तिकडं झाला असता.’

‘अन् पाय? तू इकडं पळाला, तिकडं पळाला, तेवढ्यात पाय गेला त?’

‘ते मले माहीत नाही.’

मी डॉक्टरला विचारलं. लवकर सुटला असता तर पाय राहिला असता का? तो म्हणाला, ‘कह नहीं सकते, माताजी.’ आजपर्यंत कोणी सांगू शकलं नाही. तुझ्या जागी असते तर मी काय केलं असतं, तेही मला सांगता येत नाही. तू होतास तोवर हे भांडण अधूनमधून काढता यायचं. आता एकटीने काय काढू?

मग चौकशी आली. पांढरे बूट घातलेला एक साहेब आला. धूळ नको म्हणून नाकाला रुमाल लावून माझ्याच कॅन्टीनच्या छपराखाली बसला आणि एकेकाला बोलावून विचारू लागला, ‘ये हौ क्या होता है?’

चौकीदार म्हणाला, ‘हौ मतलब हाँ, साहब.’

ढिगावर काम करणारी कौसल्या म्हणाली, ‘हौ मतलब सुन लिया, अब जाओ, दिमाग मत खाओ.’

कटंगीचा एक ट्रकवाला तिथे चहा पीत होता, त्याला कोणी विचारलंही नव्हतं. तो म्हणाला, ‘हमारी घरवाली हौ बोले तो समझ लो साहब, वो काम नहीं होगा.’

साहेब हसला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. बाकीचेही हसले, कारण साहेब हसतो आहे. मी मागे ग्लास विसळत होते. दगडांवरचं रक्त अजून कोणी धुतलं नव्हतं आणि इथे हौचा अर्थ निघत होता. तो साहेब ढिगापाशी गेलाच नाही. रूळ आणि ढीग यांच्यात किती वाट आहे, तिथे स्वतः उभं राहून बघावं, असं त्याला वाटलं नाही. ढिगाकडे पाठ करून त्याने दोनदा चहा घेतला आणि म्हणाला, ‘माताजी, अदरक अच्छा डाला है.’ माझ्या मुलाबद्दल त्याला सांगितलं होतं की नाही कोण जाणे. सांगितलं असेलही. अशा माणसांना अदरकाची चव कशी लागते, मला कळत नाही.

तुम्ही सगळ्यांनी इंजिन बंद ठेवलं. मागण्या साध्या होत्या. वळणावर दुसरा माणूस पाहिजे, लाल आणि हिरवी झंडी घेऊन, ज्याला टोकही दिसेल आणि इंजिनही दिसेल. ढीग रुळापासून मागे सरकवा. आणि यापायी कोणाची नोकरी जाऊ नये. डबे रिकामे उभे राहिले, ट्रकांची रांग फाटकाबाहेर सडकेवर गेली. मॅनेजर रोज यायचा आणि म्हणायचा, ‘कंपनी एक परिवार है.’ दुपारी म्हणायचा, बाहेरून दुसरे ड्रायव्हर आणू. सकाळी परिवार, दुपारी बाहेरचे ड्रायव्हर. तुमच्यातले अर्धे घाबरून माझ्याकडे येऊन बसायचे. तू त्यांना म्हणायचास, ‘भिऊन राह्यले काय? भ्या, पण इथं बसून भ्या. इंजिनात नोका जाऊ.’

तेव्हा मला तुझा अभिमान वाटला होता. तो टिकला नाही.

एक दिवस ऑफिसातून निरोप आला, चहा पाठवा, बैठक आहे. पोऱ्या नव्हता म्हणून मी स्वतः ट्रे घेऊन गेले. टेबलावर समोसे, काजूकतली, मधे एक टाइप केलेला कागद. एका बाजूला मॅनेजर आणि पांढऱ्या बुटांचा साहेब, दुसऱ्या बाजूला तू. तुझ्यासोबत आलेले दोघं भिंतीला टेकून उभे.

मॅनेजर म्हणत होता, ‘देखिए सुदामजी, गलती न आपकी, न कंपनी की. गलती शब्द की है.’

‘लैंग्वेज इश्यू,’ साहेब म्हणाला.

तू विचारलंस, ‘मोड़ पे आदमी?’

‘मिल जाएगा.’

‘कब से?’

‘आज से ही.’

‘और ढेर?’

‘खिसकवा देंगे.’

‘कितना? मैं चलके दिखाऊँगा, उतना.’

‘अरे हाँ भई, दिखा देना. बस आप इतना मान लो, जो यहाँ लिखा है. हादसा कर्मचारी की बोलचाल की लापरवाही से हुआ.’

कर्मचारी म्हणजे विनोद. तू पेन उचललंस.

‘सुदाम,’ मी म्हटलं, ‘तुह्या भाशाचा पाय जिभेनं नाही कापला. दगडानं कापला.’

मॅनेजरच्या हातातला समोसा हातातच राहिला. भिंतीजवळचे दोघं खाली बघू लागले. तू मान वर न करता म्हणालास, ‘बाई, चाय ठेव अन् जाय.’

मी चहा ठेवला आणि गेले. बाहेर येऊन थुंकले. दारातच थुंकले, म्हणजे निघताना त्यांचे बूट त्यात पडतील.

संध्याकाळी तू माझ्या घरी आलास. मी भांडी आपटत होते.

‘शब्दासाठी भांडलो असतो त माणूस नसता भेटला,’ तू म्हणालास.

‘तो शब्द नव्हता. माह्या पोराचं नाव होतं.’

‘नाव काय, पुसता येते.’

‘अन् पाय?’

तू उठून गेलास. तिथून आपलं बोलणं बंद झालं. तुझी बायको गेल्यापासून तुझा डबा माझ्याकडून जायचा, तो मी बंद केला नाही. भांडण आपल्या जागी, भाकर आपल्या जागी. तू विनोदकडून निरोप पाठवायचास, ‘मीठ कमी आहे.’ मी दुसऱ्या दिवशी मीठ जास्त घालायचे. तू मुकाट खायचास.

सुरक्षा सप्ताह तू पाहिलास, मीही पाहिला. मंडप घातला, भोंगा लावला. विनोदला कुबड्यांसकट स्टेजवर चढवलं, झेंडूचा हार घातला आणि एक पिवळं हेल्मेट त्याच्या हातात दिलं. फोटोवाला म्हणाला, ‘भैया, थोड़ा मुस्कुराइए.’ माझ्या शेजारी कौसल्या बसली होती. ती मोठ्याने म्हणाली, ‘पाय गेला अन् टोपी देऊन राह्यले. डोकं गेलं असतं त जोडे देते काय?’ आजूबाजूच्या बाया तोंडात पदर कोंबून हसल्या. मला हसू आलं नाही. तू पहिल्या रांगेत बसला होतास आणि टाळी वाजवली नाहीस, ते मी पाहिलं.

मग तो बोर्ड लागला. ‘सेट पर हौ बोलना सख्त मना है. केवल आने दो और रोको बोलें.’ निळ्यावर पांढरी अक्षरं. चौकीदार सगळ्यांना उभं करून वाचून दाखवायचा आणि शेवटी विचारायचा, ‘समझ गए?’ सगळे म्हणायचे, ‘हौ.’

मला वाटलं होतं, ते माणूस देणार नाहीत. दिला. पटले नावाचा एक माणूस वळणावर झंडी घेऊन उभा राहू लागला. ढीगही सरकवला. तू पाय टाकत चालून दाखवलंस तेवढा सरकवला. पण ढीग म्हणजे काय भिंत आहे? रोज ट्रक येतात, मशीन ढकलतं, पुन्हा तो रुळाकडे येतो. तू चुन्याची बादली घेऊन रोज सकाळी जमिनीवर रेघ ओढायचास. रेघेच्या अलीकडे दगड दिसला की इंजिनात जाऊन हाताची घडी घालून बसायचास. मॅनेजर बोंबलायचा, ‘ये बुड्ढा सनकी हो गया है.’ पटले पाणी प्यायला गेला तरी तू गाडी हलवायचा नाहीस. नवी पोरं तुला हसायची. मी कॅन्टीनमधून बघायचे. मला तुझ्याशी बोलायचं नव्हतं, पण बघायला कोणाची मनाई नव्हती.

हिवाळ्यात धुर्वेचं झालं. विनोदच्या जागी बैहरकडचा धुर्वे लागला होता, दोन लेकरांचा बाप, गरीब स्वभावाचा. तो शेवटच्या डब्याच्या पुढे चालत होता. तू रेघ ओढून इंजिनात गेल्यावर मशीनवाल्याने पुन्हा दगड रेघेच्या आत लोटले होते. धुर्वेचा पाय त्यांत अडकला आणि तो पडला. सेट लांब उडाला. तिथे लोडिंगचा सुपरवायझर उभा होता, त्याच्याकडे त्याचा वेगळा सेट. त्याची नजर घड्याळाकडे, मागे ट्रक तुंबलेले. त्याने धुर्वेकडे पाहिलंच नाही आणि सेटवर म्हणाला, ‘आने दो, आने दो.’

नीट ऐक. आता मी हे मोठ्याने लिहिते. ‘आने दो.’ बोर्डावर लिहिलेले शब्द. एकही हौ नाही. शुद्ध, मंजूर, कंपनीने सांगितलेले शब्द. एका माणसाचा जीव घ्यायला तेवढे पुरले असते.

वळणावर पटले उभा होता, त्याला धुर्वे दिसला आणि मग दिसेनासा झाला. त्याने लाल झंडी वर केली. तू सेट ऐकत होतास, पण बघत पटलेकडे होतास. तू गाडी हलवली नाहीस. सुपरवायझर सेटवर ओरडत राहिला, ‘सुनाई नहीं देता क्या? आने दो!’ तू बसून राहिलास. धुर्वे दगड बाजूला करून आपल्या आपण उठला, पँट झटकली आणि रडायला लागला.

कंपनीने काय करावं? धुर्वेलाच ताकीद दिली, चालताना लक्ष नसतं म्हणून. सुपरवायझरला काही नाही. बोर्डही तसाच आहे. सांगते तुला, माझ्या तोंडात तेव्हापासून जी चव आहे ती अदरकाने जात नाही.

त्या दिवशी दुपारी तू कॅन्टीनमध्ये आलास. इतके दिवस बाहेरूनच डबा न्यायचास. आत येऊन बसलास. मी चहा ठेवला. तू बशीत ओतलास, फुंकर न घालता प्यालास.

‘बाई, धुर्वे घरी गेला,’ तू म्हणालास.

‘ऐकलं,’ मी म्हटलं.

तेवढंच आपण बोललो, आणि त्यानंतर बोलायला लागलो. मिठाबद्दल, तुझ्या खोकल्याबद्दल, पोरांच्या लग्नाबद्दल. त्या कागदाबद्दल नाही. तो विषय मी काढला नाही आणि तू काढू दिला नाहीस. पुढे खोकला वाढला आणि तो विषय त्याच्याखाली गेला.

परवा तुला अंगणात ठेवलं होतं. पांढरी चादर, भंते त्रिशरण म्हणत होते. मॅनेजर आला. कंपनीचं नाव लिहिलेली फीत लावलेलं मोठं फुलांचं चक्र त्याने तुझ्या छातीवर ठेवलं आणि हात जोडून लोकांना म्हणाला, ‘सुदामजी ने हमेशा कंपनी का साथ दिया. बड़े समझदार आदमी थे.’ समझदार! तुला सनकी म्हणणारं तेच तोंड. मी उठले, ते चक्र उचलून भिंतीला लावून ठेवलं. तुझा मोठा म्हणाला, ‘आत्या, क्या कर रही हो?’ मी म्हटलं, ‘जड आहे. याची छाती खराब होती.’

लोक पांगल्यावर विनोद माझ्याजवळ येऊन बसला. खोटा पाय काढून बाजूला ठेवला, मांडी चोळत बसला. मी मॅनेजरला शिव्या देत होते. मग तुलाही दिली एक, त्या सहीवरून.

‘माय,’ तो म्हणाला, ‘मामानं मले विचारलं होतं.’

‘काय विचारलं होतं?’

‘सही कराच्या आदल्या दिवशी दवाखान्यात आलता. म्हणे, तुह्यावर ढकलून राह्यले, त्याच्या बदल्यात वळणावर माणूस देतात. सही करू का?’

‘मंग? तू काय म्हटलं?’

विनोद खाली बघून हसला. ‘मी म्हटलं, हौ.’

मी विचारलं, ‘कोणतं हौ, रे?’

‘आता काय सांगू माय. औषधाच्या गुंगीत होतो. मामा लय वेळ तोंडाकडे पाहत बसला होता माह्या. मंग गेला.’

म्हणजे तू तेव्हाही बघायला गेला होतास. आणि मला सांगितलं नाहीस. मी भर बैठकीत तुला बोलले, तू म्हणालास चाय ठेव अन् जाय. एवढी वर्षं माझ्या तोंडच्या शिव्या खाल्ल्यास, खारट डबा खाल्लास, पण पोराने हो म्हटलं होतं हे बोलला नाहीस. म्हटलं असतंस तर मी पोराच्या अंगावर गेले असते, म्हणून गप्प राहिलास का? की त्याच्या तोंडावरून तुलाही नीट कळलं नव्हतं? विनोदला विचारलं, तो म्हणतो, जाऊ दे नं माय. तुला विचारायची सोय नाही. माझा राग आता कोणावर ठेवू तेही कळत नाही. त्या कागदाची किळस मला आहे तशीच आहे. खोटं लिहून घेतल्याशिवाय जे लोक एक झंडीवाला माणूस उभा करत नाहीत, त्यांची किळस मरेपर्यंत राहील. तू ते खोटं कशाला विकत घेतलंस ते मला समजतं. समजलं म्हणून गोड लागत नाही.

तुला उचललं तेव्हा धुर्वे आला होता. सकाळच्या बसने बैहरहून आला, बायकोला घेऊन. कोणाशी बोलला नाही, पुढे होऊन खांदा दिला. विनोदला खांदा देता येत नाही, तो काठी टेकत मागून चालला.

तुझ्या गाडीपुढे दोन माणसं सापडली होती. दोघंही जिवंत आहेत.